जुन्या फॉन्टात अडकलेलं आपलं मराठी बाहेर कसं काढायचं

वाचनालयाचे अध्यक्ष काका घरी आले आणि म्हणाले, तुझ्या बाबांनी २००३ साली आपली शताब्दीची स्मरणिका लावून दिली होती, फाइल असेलच तुमच्याकडे, परत छापायचीय. फाइल होती. डीटीपी सेंटर बंद करताना बाबांनी सगळ्या सीडी चपलेच्या खोक्यात नावं लिहून नीट ठेवलेल्या, त्यातच ही सापडली. लॅपटॉपवर उघडली तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर, अर्थ काही नाही. ते सॉफ्टवेअर बाबांनी रीतसर पैसे भरून घेतलं होतं, पण ते चालायला कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला एक लॉक लावावं लागायचं, ते लॉक घर बदलताना कुठेतरी गेलं, आणि सापडलं असतं तरी आताच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. कंपनीला फोन केला तर म्हणाले जुनं व्हर्जन बंद झालं, नवीन घ्या. म्हणजे लेख गावातल्या लोकांचे, टाइप केले बाबांनी, सॉफ्टवेअरचे पैसे भरलेले, आणि तरी वाचायची किल्ली तिसऱ्याच्याच हातात. त्या दिवसापासून मी ह्या कामाला लागलो, स्मरणिका तर सोडवलीच पण खोक्यातल्या बाकीच्या सीडीही एकेक करून सोडवतोय, आणि जे हाताला लागलं ते सगळं इथे लिहितोय, कारण असं खोकं महाराष्ट्रात घरोघरी, संस्थेसंस्थेत आहे.

आधी हे होतं का ते समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा नंबर ठरलेला आहे आणि तो तक्ता जाहीर आहे, क चा नंबर ०९१५, मग तुम्ही तो पुण्यात टाइप करा नाहीतर न्यू जर्सीत वाचा, क हा क च राहतो. जुन्या फॉन्टांत असं नव्हतं. तिथे फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरच, फक्त फॉन्टने त्या अक्षराच्या जागी मराठी चित्र काढलेलं असतं. कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' असं दिसतं तेव्हा फाइलमध्ये खरं तर ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, कृतिदेवचा वेगळा, श्रीलिपीचा वेगळा, सीडॅकच्या डीव्हीबी फॉन्टांचा वेगळा, आकृतीचा वेगळा, एकातलं दुसऱ्यात उघडत नाही. सरकारचं इस्की नावाचं प्रमाण १९९१ पासून होतं तरी डीटीपीच्या धंद्यात जो तो आपापलाच तक्ता वापरत राहिला.

तर कामाला लागू.

पहिलं म्हणजे फाइल खरंच जुन्या फॉन्टातली आहे का ते बघा. एक शब्द सिलेक्ट करा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. मराठीच राहिला तर फाइल युनिकोड आहे, काही करायची गरज नाही. इंग्रजी झाला तर अडकलेली आहे. पीडीएफ असेल तर एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॅपवर स्वतःलाच पाठवा, तिथे कचरा आला तर तेच दुखणं. अशा पीडीएफमध्ये डोळ्याला मराठी स्वच्छ दिसतं, म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे, आणि मग त्यात एखाद्याचं नाव शोधायला गेलं की एकही सापडत नाही. काही फाइली अर्ध्या-अर्ध्या पण असतात, मजकूर जुना आणि नंतर कोणीतरी फोनवरून पाठवलेला एखादा परिच्छेद युनिकोडमध्ये, त्या तशा आहेत हे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

दुसरं, काहीही उघडायच्या आधी कॉपी. सीडी आधी हार्डडिस्कवर घ्या, मग एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि काम तिसऱ्या प्रतीवर करायचं. जुना कॉम्प्युटर अजून सुरू होत असेल तर देवाची कृपा समजा आणि त्यातलं फॉन्टचं फोल्डरसुद्धा कॉपी करून घ्या, सी ड्राइव्हमध्ये विंडोज आणि त्यात फॉन्ट्स. तुम्ही विकत घेतलेला फॉन्ट तुमच्याकडे असला की निदान मूळ मजकूर डोळ्याला दिसतो आणि ताडून बघता येतं. हा फॉन्ट ग्रुपवर वाटू नका, तो आपल्या मालकीचा नाही, आपला आहे तो मजकूर. लॉक तोडणारी सॉफ्टवेअरं पण शोधत बसू नका, त्यांच्यातून व्हायरसच येतात आणि आपल्याला त्यांची गरजही नाहीये, कारण आपण त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला हातच लावणार नाही.

आता लिबरऑफिस टाकून घ्या, वर्डसारखं लिहायचं-उघडायचं काम करणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर चालतं, विंडोजच्या जागी टाकता येतं त्या लिनक्सवर चालतं, मॅकवर चालतं, पैसे लागत नाहीत. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते मुक्त आहे. इंग्रजीत फ्री म्हटलं की लोकांचा गोंधळ होतो, मराठीत होऊ नये, आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. फुकट ॲप उद्या बंद झालं की तुम्ही अडकलात. मुक्त म्हणजे ते कशासाठीही वापरायची, आतून कसं चालतं ते बघायची, दुसऱ्याला द्यायची आणि बदलून द्यायची मोकळीक. ह्याचा उपयोग काय ते लिबरऑफिसच्याच गोष्टीत दिसतं, आधीचं ओपनऑफिस ज्या कंपनीकडे गेलं तिथे काय होईल ह्याची काळजी वाटली म्हणून काम करणाऱ्या लोकांनी २०१० साली तोच कोड घेऊन वेगळी वाट धरली, आणि आज आपण ते वापरतोय. बंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत असं कोणालाच करता आलं नसतं, कंपनीने दार लावलं की विषय संपला.

टाकून झालं की टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेस अँड लोकेल्स, त्यात जनरल, तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर टिक करून भाषा मराठी निवडा. भाषा हिंदी ठेवू नका, चांगल्या फॉन्टांमध्ये मराठीचे ल आणि श वेगळे काढलेले असतात आणि भाषा मराठी असली तरच ते येतात. मग ऑटोकरेक्टमध्ये जाऊन वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणं आणि अवतरण चिन्हं वळवणं हे दोन्ही बंद करा. हे विसरू नका, कारण जुन्या फॉन्टात कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी अक्षरं असतात. कृतिदेवमध्ये छोटा डी म्हणजे क आणि मोठा डी म्हणजे अर्धा क्, त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीचा 'कमल' ऑटोकरेक्टच्या कृपेने 'क्मल' होतो आणि दीडशे पानांत असे किती झाले ते तुम्हाला कळतही नाही.

वर्डच्या जुन्या डॉक फाइली लिबरऑफिस रायटरमध्ये सरळ उघडतात. पण मराठी डीटीपीचं खरं काम पेजमेकर ह्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये झालंय, आणि ते तर कधीच विकायचं बंद झालं, शेवटचं ७ व्हर्जन २००१ चं. फार जणांना माहीत नाही पण लिबरऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या बऱ्याच फाइली उघडतं, २०१५ मध्ये आलेल्या ४.४ व्हर्जनपासून ही सोय आहे. रचना इकडची तिकडे होते, कॉलम सरकतात, पण आपल्याला मजकूर हवाय आणि तो येतो. कोरलड्रॉच्या फाइलींचंही तसंच, मात्र त्यात मजकूर कर्व्ह करून ठेवलेला असेल तर ती नुसती चित्रं, त्यांना पुढे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं, लागेल. जुना कॉम्प्युटर आणि पेजमेकर चालू असेल तर अजून चांगलं, प्रत्येक स्टोरीत कर्सर ठेवून एक्स्पोर्ट करून टेक्स्ट ओन्ली फाइल काढा.

इथे एक खड्डा आहे, मी त्यात दोन दिवस घालवले. ती टेक्स्ट फाइल नुसती डबल क्लिक करून उघडली की मध्ये मध्ये प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन येतात आणि एकदा तशीच सेव्ह झाली की ती अक्षरं कायमची गेली. कारण जुने फॉन्ट १२८ ते २५५ ह्या नंबरांमध्येही अक्षरं कोंबायचे आणि आजचे प्रोग्राम त्या फाइलला युनिकोड समजून वाचतात. म्हणून ओपनच्या खिडकीत फाइलचा प्रकार 'टेक्स्ट - चूज एन्कोडिंग' निवडायचा आणि पुढे वेस्टर्न युरोपमधलं विंडोज-१२५२ घ्यायचं. मग सगळं शाबूत येतं.

आता रूपांतर. कन्व्हर्टर इंटरनेटवर बरेच आहेत, त्यातले पुष्कळसे म्हणजे एकच वेब पेज, डावीकडे जुना मजकूर टाकायचा उजवीकडे युनिकोड येतं. ते पेज आधी सेव्ह करा, मग इंटरनेट बंद करून चालवून बघा. चाललं तर सगळं काम तुमच्याच कॉम्प्युटरवर होतंय, मजकूर कुठे जात नाही. नाही चाललं तर तुमचा मजकूर बहुतेक दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातोय, तिथे कोणाचं मृत्युपत्र, सोसायटीचे ठराव, पेशंटचे कागद टाकू नका. सेव्ह होणाऱ्या कन्व्हर्टरचा अजून एक फायदा, त्यातला तक्ता नोटपॅडमध्ये उघडून दिसतो, एखादं अक्षर चुकत असेल तर आपल्यालाच दुरुस्त करता येतं. मी दोन जोडाक्षरं अशीच बसवली, मला प्रोग्रामिंग येत नाही, फक्त आजूबाजूच्या ओळी बघून तशीच ओळ लिहिली. उघडं सॉफ्टवेअर म्हणजे काय ते मला त्या दुपारी खरं कळलं.

फॉन्टचं नाव अचूक निवडा, एकाच कंपनीच्या दोन मालिकांचे तक्ते वेगळे असू शकतात. आख्खं पुस्तक टाकायच्या आधी एक परिच्छेद टाकून बघा, ज्यात विद्यार्थी, कर्म, द्वितीय, ज्ञानेश्वर, श्री, त्र, ळ, ऑफिस असे शब्द आहेत. पहिली वेलांटी आणि रफार इथेच सगळे कन्व्हर्टर अडखळतात, कारण जुन्या फॉन्टात 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला असतो, आणि 'कर्म' मधला रफार म च्या नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे कन्व्हर्टरला अक्षरं उचलून जागा बदलावी लागते. मजकुरात इंग्रजी शब्द असतील तर ते आधी बाजूला काढा किंवा खूण करा, कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून चिरडतो. आणि ते अर्धे युनिकोड परिच्छेद कागदावर लिहून ठेवले होते ना, ते पण वगळा.

रूपांतर झालं म्हणजे काम झालं असं समजू नका, अर्धं झालं. खरी मेहनत पुढे आहे आणि ती फक्त मराठी येणारा माणूसच करू शकतो.

सगळ्यात फसवी चूक डोळ्याला दिसतच नाही. जुन्या फॉन्टात 'को' लिहिताना काना वेगळा आणि वरची मात्रा वेगळी असायची, पुष्कळ कन्व्हर्टर ते दोन तुकडे तसेच युनिकोडमध्ये टाकतात. पडद्यावर 'काेल्हापूर' आणि 'कोल्हापूर' जवळपास सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द आहेत आणि शोधलं की सापडत नाही. स्मरणिकेत मी 'कोल्हापूर' शोधलं, शून्य आले, आणि समोर पानावर तो शब्द मला चार वेळा दिसत होता. तर फाइंड अँड रिप्लेस उघडा आणि ह्याच क्रमाने करा: 'अाे' च्या जागी 'ओ', 'अाै' च्या जागी 'औ', 'अाॅ' च्या जागी 'ऑ', मग 'अा' च्या जागी 'आ', आणि त्यानंतर 'ाे' च्या जागी 'ो', 'ाै' च्या जागी 'ौ', 'ाॅ' च्या जागी 'ॉ'. क्रम बदलला तर 'अो' असलं काहीतरी तयार होतं. हे सगळे रिप्लेस ऑल केले तरी चालतात. मग स्पेस आणि लगेच पहिली वेलांटी असं शोधा, शब्दाच्या सुरुवातीला सुटी पडलेली वेलांटी म्हणजे चूकच, त्या एकेक हाताने बसवा.

दुसरी चूक ऱ्य ची, आणि तिथे रिप्लेस ऑल अजिबात करायचं नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी, दोन्ही बरोबर शब्द आहेत आणि कन्व्हर्टर बहुतेक वेळा दोन्हीकडे रफारच देतो. आमच्या स्मरणिकेत 'सह्याद्रीच्या दर्याखोर्यांत' असं आलं होतं. एका सूर्यासाठी थांबावं लागतं, एका पायऱ्यांसाठी थांबावं लागतं, पण 'र्य' शोधून एकेक बघत जा, मला दीडशे पानांना एक संध्याकाळ लागली. 'र्ह' पण शोधा, कऱ्हाड आणि ऱ्हास तिथे सापडतील. हा ऱ्य टाइप कसा करायचा हे पुष्कळांना माहीत नसतं, इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये जे दाबला की र येतो, शिफ्ट धरून जे दाबला की ऱ, मग डी ने पाय मोडायचा आणि य.

कन्व्हर्टर मिळालाच नाही, किंवा फाइलच नाही आणि हातात फक्त छापील प्रत आहे, तर टेसरॅक्ट. हे ओसीआरचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, १९८० च्या दशकात एचपीमध्ये सुरू झालं, २००५ मध्ये त्यांनी ते खुलं केलं, आणि त्यात मराठीची सोय आहे. मराठीची भाषा-फाइल वेगळी टाकावी लागते तेवढं बघा. कमांड लिहायची भीती वाटत असेल तर जीइमेजरीडर घ्या, त्यात माउसने सगळं होतं. पान ३०० डीपीआयला स्कॅन करा, सरळ ठेवा, फोनने फोटो काढणार असाल तर दिवसाच्या उजेडात आणि पानाची घडी दाबून. ज्यांच्याकडे फॉन्ट आहे पण कन्व्हर्टर नाही त्यांनाही हाच मार्ग, फाइलचं पीडीएफ काढा, पानांची चित्रं करा आणि ओसीआर. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो, सायक्लोस्टाइलच्या पत्रकांवर मात्र डोकं आपटू नका, ती टाइप करून घेतलेली बरी.

सेव्ह करताना लिबरऑफिसच्या ओडीटी ह्या फाइल प्रकारात करा, त्याचा आराखडा २००६ पासून आयएसओचं जाहीर प्रमाण आहे, कोणीही त्याला उघडणारा प्रोग्राम लिहू शकतो. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल, यूटीएफ-८ ह्या युनिकोडच्या पद्धतीत. ही टेक्स्ट फाइल पन्नास वर्षांनीही उघडेल असं मला वाटतं. आणि पहिल्याच ओळीत लिहा हे मूळ कोणाचं, कोणत्या साली छापलं, कोणी रूपांतर केलं. इंटरनेटवर टाकायचं असेल तर लेखकाच्या घरच्यांना विचारा, आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो.

आता पुन्हा छापायचं म्हटलं की प्रेसवाले म्हणतात आमच्याच फॉन्टात द्या. वाद घालू नका, पीडीएफ द्या, लिबरऑफिस पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवून देतं, त्यांच्याकडे तो असण्याची गरज नाही. युनिकोडमध्ये चांगले फॉन्ट नाहीत ही तक्रार पंधरा वर्षांपूर्वी खरी होती, आता नाही. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट आहे, राज्य मराठी विकास संस्थेने काढलेला यशोमुद्रा आहे, नोटो आहे, टिरो देवनागरी मराठी आहे, सगळे मुक्त परवान्याखाली, पुस्तकात वापरा, पाटीवर वापरा, दुसऱ्याला कॉपी करून द्या. आमची स्मरणिका यशोमुद्रात लावली. कॉलम, चौकटी, फोटो असं सगळं असेल तर स्क्रायबस हे पानं लावायचं मुक्त सॉफ्टवेअर बघा, १.६ व्हर्जनच घ्या, जुन्या १.४ मध्ये मराठी जोडाक्षरं फुटायची.

लिनक्सचं मुद्दाम शेवटी सांगतोय. पुष्कळ लोक पहिल्याच दिवशी सगळं बदलायला जातात आणि आठवड्यात परत येतात. आधी विंडोजवरच लिबरऑफिस वापरा, महिनाभर हात बसू द्या. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला त्यामुळे ज्यांचा चांगला चालता कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालत नाही म्हणून बाजूला पडलाय, त्यांनी त्यावर लिनक्स मिंट टाकून बघा, आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून, हार्डडिस्कला हात न लावता. ४ जीबी रॅम असली तरी त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती बरी चालते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी मिळतं. प्रिंटर लागतोय का, वायफाय लागतंय का, हे पेनड्राइव्हवरच तपासा, नाही लागलं तर तेव्हाच कळेल.

आणि सुरुवात कुठल्या फाइलपासून करायची असं कोणी विचारलं तर मी सांगतो, ज्या फाइलची छापील प्रत कुठेच शिल्लक नाही तिच्यापासून. स्मरणिकेच्या तरी पाच-सहा प्रती गावात होत्या. खोक्यात एक सीडी होती, तिच्यावर बाबांच्या अक्षरात फक्त 'आक्का - ओव्या' लिहिलेलं. गल्लीतल्या आक्कांनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी रिकाम्या वेळात टाइप करून ठेवल्या होत्या, छापल्या कधीच नाहीत, आक्का आता नाहीत. ३१ ओव्या निघाल्या. त्यातल्या दोन ठिकाणी अक्षर लागत नाहीये, तिथे मी चौकट ठेवलीय आणि त्यांच्या मुलीला वाचून दाखवायला रविवारी जाणार आहे.